खटाऱ्यांचा उतार

मागच्या चाकाचा हब उघडायचा, जळून काळं झालेलं ग्रीस फडक्यानं पुसून काढायचं आणि ताजं ग्रीस ठासून भरायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळचा कॅस्केड कॅन्यनचा उतार सायकलवरून उतरलं की हे काम ठरलेलंच. जेमतेम साडेतीन किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर खाली आणणारी ही मातीची वाट. सायकलींना ब्रेक एकच, तोही मागच्या हबच्या पोटात. पॅडल उलटं दाबलं की लागायचा. पायथ्याशी पोहोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. हब पुन्हा भरायचा, म्हणजे ‘रिपॅक’ करायचा. उताराला तेच नाव पडलं.

सायकली म्हणजे अक्षरशः खटारे. १९३०-४० च्या दशकांतल्या श्विन एक्सेलसियर, जाड बलून टायरच्या आणि वजनाला वीसेक किलो. कुणाच्या तरी शेडमध्ये गंजत पडलेल्या या सायकली चार-दोन डॉलरला मिळायच्या. त्या मोडल्या तरी हळहळ वाटत नसे, आणि हाच त्यांचा मोठा गुण. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी एरवी नाजूक रेसिंग सायकलींवर डांबरी रस्त्यावरच्या शर्यती खेळणारी; डोंगरावर जाताना मात्र खटारा काढत. सगळ्यांत जोरात कोण उतरतं, यावरून मित्रांत वाद व्हायचे. ते मिटवायला त्यांच्यातल्याच चार्ली केलीनं घड्याळ लावून शर्यत ठेवली.

तारीख २१ ऑक्टोबर १९७६. स्वार एकेक करून सुटले. जिंकला अ‍ॅलन बाँड्स, कारण वाटेत न पडलेला तो एकटाच होता!

वाद काही मिटला नाही. शर्यती होत राहिल्या आणि जे मोडेल ते सुधारत गेलं. सुधारणांची सुरुवात तशी आधीच झाली होती: १९७४ मध्ये मिल व्हॅलीच्या सायक्लोक्रॉस शर्यतीला क्युपर्टिनोची काही पोरं जाड टायरच्या सायकलींना गिअर लावून आली होती. फिशरनंही मग आपल्या खटाऱ्याला गिअर बसवले. ब्रीझ एक पाऊल पुढे गेला. जुन्या फ्रेमला ठिगळं लावण्यापेक्षा १९७७ मध्ये त्यानं क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेमच घडवली. ती ‘ब्रीझर’ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि केलीनं टॉम रिची याच्या फ्रेम वापरून ‘माउंटनबाइक्स’ नावाचा धंदा काढला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची, जपानात बनवून घेतलेली ‘स्टम्पजम्पर’ दुकानांत आली आणि मित्रांचा खेळ बाजारात उतरला.

माउंटन बाइकचा शोध मरीनचाच, असं छातीठोक सांगणं मात्र भाबडेपणाचं. १९७६ मध्येच कोलोराडोतल्या क्रेस्टेड ब्युटची मंडळी तसल्याच खटाऱ्यांवरून जवळपास ३,९०० मीटर उंचीची पर्ल पास खिंड ओलांडून अ‍ॅस्पेनला गेली होती. दोन वर्षांनी केली, फिशर, ब्रीझ आणि छायाचित्रकार वेंडी क्रॅग त्यांच्यासोबत त्या वाटेवर निघाले. पुढे १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बायकिंगची पदकं दिली गेली.

रिपॅकचा विक्रम फिशरच्या नावावर आहे: ४ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ताशी सरासरी ४६ किलोमीटर. मरीनच्या रानवाटांवर आज सायकलींना वेगमर्यादा आहे ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. अरुंद, पायवाटेसारख्या वाटांपैकी बहुतेकांवर तर सायकल नेण्यालाच बंदी आहे.