कडाबिनीचे वैद्य

कडाबीन हा शब्द आता ऐतिहासिक कादंबऱ्यांपुरताच उरला आहे. क्वचित एखाद्या वाड्यात, दिवाणखान्याच्या भिंतीवर, ढाल-तलवारींच्या जोडीने ती वस्तूही टांगलेली दिसते. शब्द अगदी घरचा वाटतो, पण आहे परदेशी. फ्रेंच भाषेतला ‘काराबीन’ आपल्याकडे येता येता कराबीन झाला, कडाबीन झाला, आणि मराठी जिभेने त्याला असे काही वळण दिले की कडाडणे हे क्रियापद त्याचे सख्खे भावंड वाटावे. मूळ अर्थ इतकाच, की घोडेस्वाराची आखूड बंदूक. आपल्याकडे रुंद तोंडाच्या, छर्रे उधळणाऱ्या बंदुकीलाही हेच नाव चिकटले. एका हातात लगाम धरून लांब नळीची बंदूक पेलणे काय असते, हे ज्याने घोडा जवळून पाहिला आहे त्याला सांगायला नको. तेव्हा नळी आखूड केली, वजन उतरविले, आणि कडाबीन जन्मास आली.

माझ्या एका कादंबरीतल्या शिलेदाराच्या पाठीशी कडाबीन द्यावी म्हणून मी या विषयात शिरलो आणि शिलेदार बाजूला राहून कडाबिनीतच गुंतलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. यंत्रशास्त्राशी माझा संबंध वर्गातले घड्याळ बंद पडले म्हणजे येतो तेवढाच. पण या वाचनात मला लढायांपेक्षा लढाईनंतरच्या गोष्टींचीच अधिक गोडी लागली. बंदूक उडते कशी, हे सारेच सांगतात. ती पुसायची कशी, मोडली तर जोडायची कशी, आणि शंभर वर्षांनी ती हाती आली तर तिच्यापासून स्वतःला आणि स्वतःपासून तिला वाचवायचे कसे, हे सांगणारे थोडे. पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, अशा दुर्मिळ कडाबिनी सांभाळणाऱ्यांचा एक पंथच आहे. त्या वैद्यांची विद्या मोठी रंजक आहे, आणि तिच्यातले प्रत्येक पथ्य कोणत्या ना कोणत्या जुन्या अनुभवातून आलेले आहे.

पहिले पथ्य असे, की जुनी बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे. ही भित्र्याची भाषा नव्हे. १८६३ च्या जुलैत अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई झाली. ती संपल्यावर रणांगणावर पडलेल्या बंदुका गोळा करण्यात आल्या, तेव्हा त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या. निम्म्यांत दोन दोन बार ठासलेले, हजारोंच्या पोटात तीन ते दहा, आणि एकीत तर तेवीस बार एकावर एक! भरणाऱ्या पोराला भोवतालच्या गदारोळात आपला बार उडाला की नाही हेही कळले नसेल. त्या बिचाऱ्याचे पुढे काय झाले कोण जाणे. पण अशा बंदुकांचे वंशज आज भिंतीभिंतींवर आहेत. काळी दारू कोरडी राहिली तर शतक उलटले तरी जिवंत राहते. २००८ साली व्हर्जिनियात त्याच युद्धातला एक तोफगोळा साफ करीत असता एक अनुभवी संग्राहक जागच्या जागी ठार झाला. युद्ध संपून १४३ वर्षे लोटली होती!

मग ठासणीच्या बंदुकीचे पोट तपासावयाचे कसे? उपाय साधा आहे. लाकडाचा गज नळीत हलकेच तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. गज जवळजवळ कानापर्यंत पोचला तर पोट रिकामे; चार बोटे अलीकडेच थांबला तर आत काही आहे. हे करताना नळीच्या तोंडासमोर कोणी उभे राहायचे नाही, मोजणाऱ्यानेसुद्धा नाही. आत काही आहे असे दिसले की आपले काम तिथे संपले; पुढचे जाणकाराचे. काडतुसांच्या कडाबिनीत क्रम महत्त्वाचा. आधी काडतुसांची पेटी काढायची, मग खटका मागे ओढून घर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. हाच क्रम उलटा केला तर बाहेर पडलेल्या काडतुसाची जागा पेटीतले दुसरे घेते, आणि माणूस समजतो की बंदूक रिकामी झाली.

आता गंजाची गोष्ट. ती मला सगळ्यांत आवडली.

काळी दारू म्हणजे शेकडा ७५ सोरा, १५ कोळसा आणि १० गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन उडून जात नाही. क्षारांच्या रूपाने मागे उरतो आणि नळीत चिकटतो. हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. त्यामुळे त्या काळचा शिपाई बंदूक पाण्याने धूत असे. गरम पाणी, चिंधी, मग कोरडे फडके, मग तेल. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली. नळी आता काळी होईना. सगळ्यांना वाटले, पाण्याची कटकट गेली; तेलाचे बोट फिरविले की झाले. पण चमत्कार असा, की संध्याकाळी आरशासारखी पुसलेली, तेलाने माखलेली नळी चार दिवसांनी पाहावी तो आत तांबूस पुटकुळ्या! नव्या दारूतल्या आम्लाला शिव्या बसल्या. आम्ल मारणारी नाना तऱ्हेची तेले बाजारात आली. पुटकुळ्या येतच राहिल्या.

हा गुन्हेगार सापडला १९२२ साली. अमेरिकेच्या खाण खात्यातील विल्बर्ट हफ या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की अपराध दारूचा नव्हेच. काडतुसाच्या बुडाशी जी चिमुकली टोपी असते, जिच्यावर घाव बसून ठिणगी पडते, तिचा आहे. त्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठाचा चुलतभाऊ. आता मीठ तेलात विरघळत नाही, हे लोणचे घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. तेल वर बसते, मीठ खाली तसेच राहते, आणि श्रावणातल्या मिठाच्या बरणीप्रमाणे ते तेलाच्या थराखालीही ओलावा ओढीत राहते. मी हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मग सर, पाण्यानेच धुवायची ना!” तेच तर! ब्रिटिश फौजेतला शिपाई नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओततच होता. त्याला हे रसायन कोणी शिकविले नव्हते. पण पाणी ओतलेली नळी टिकते आणि न ओतलेली सडते, एवढे त्याने पाहिले होते. उकळते अशासाठी, की क्षार धुतला जातो आणि तापलेली नळी आपोआप कोरडीही होते. मग दस्त्यातल्या कप्प्यात ठेवलेली दोरी काढायची, तिच्या टोकाचे पितळी वजन नळीतून खाली सोडायचे आणि फ्लॅनेलची तेलकट चिंधी ओढून घ्यायची.

या मिठाचा पुढे एका कडाबिनीच्या घडणीवरच परिणाम झाला. १९४१ साली अमेरिकन सैन्याने एम-१ नावाची कडाबीन स्वीकारली. घोडे तोवर रणांगणावरून जवळजवळ गेले होते. ही ट्रकचालक, तोफखान्यातले लोक, लहान अंमलदार यांच्यासाठी होती; पायदळाची गॅरंड रायफल सव्वाचार किलोंच्या वर, तर ही अडीच किलोंच्याही आत. गोळीमागच्या वायूचा थोडा अंश नळीच्या एका भोकातून बाजूला घ्यायचा, त्याने एका छोट्या दट्ट्याला टोला द्यायचा आणि त्या टोल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरले जायचे, अशी तिची रचना. दट्ट्या सरकतो तो सूतभराहून जेमतेम अधिक. ही आखूड धक्क्याची युक्ती डेव्हिड मार्शल विल्यम्स याची, आणि तिचा पाया त्याने उत्तर कॅरोलायनातल्या तुरुंगाच्या कारखान्यात, खुनाच्या शिक्षेवर असताना घातला. १९५२ साली त्याच्यावर चित्रपट निघाला आणि साऱ्या कडाबिनीचे श्रेय त्याच्या एकट्याच्या पदरात पडले. वास्तविक ती विंचेस्टर कंपनीतल्या अनेक कारागिरांची कामगिरी. पण चित्रपटाला एकच नायक लागतो. आम्हा कादंबरीकारांनाही लागतो म्हणा!

तर हा दट्ट्या नळीखालच्या एका कोंदणात नटाने असा घट्ट बंद केलेला असतो, की शिपायाने मैदानात तो खोलायचाच नाही. मग तिथे मीठ साचले तर धुवायचे कसे? सैन्याने त्याचे उत्तर काडतुसातच दिले. इतर बंदुकांची काडतुसे तशीच खारट टोप्यांची राहिली असताना या कडाबिनीची काडतुसे मात्र पहिल्यापासून बिनखाऱ्या टोप्यांची केली. म्हणून आजचे जाणते वैद्य सांगतात, की या नटाला विनाकारण हात लावू नका. साफसफाईच्या उत्साहात जेवढे दट्टे बिघडले असतील तेवढे गंजाने खचित बिघडले नसतील.

युद्धाच्या घाईत ही कडाबीन साठ लाखांहून अधिक झाली, आणि ती करणारे कोण? अंडरवुड हे टंकलेखनयंत्रवाले, आय. बी. एम., नाणे टाकले की गाणे वाजविणारी पेटी करणारे रॉक-ओला, मोटारीचे भाग करणारे इनलंड! सर्वांचे भाग एकमेकांना बसले पाहिजेत अशी अट होती. अर्विन-पेडर्सन या जोडनावाच्या कंपनीला मात्र ते साधेना. १९४३ साली तिचे कंत्राट काढून कारखाना सॅगिनॉ कंपनीकडे दिला, तोवर सैन्याने तिची एकही कडाबीन पसंत केली नव्हती. तिचे नाव कोरलेले थोडे सांगाडे सॅगिनॉने पुढे वापरले. आज संग्राहक जिच्यासाठी सर्वांत अधिक पैसे मोजतात, त्यांत हीच नापास झालेली पोर आहे.

युद्धानंतर शस्त्रागारांनी लाखो कडाबिनी खोलून, तपासून पुन्हा जोडल्या. कोणाची नळी कोणाच्या दस्त्यात गेली. आधीची सुरक्षेची कळ दाबायची होती आणि पेटी सोडविण्याच्या कळीला अगदी लागून होती. घाईत शिपाई भलतीच दाबीत. तिच्या जागी फिरवायची कळ आली. नेम धरण्याची पट्टी बदलली, संगिनीसाठी कडे आले. त्यामुळे १९४३ साली जशी बाहेर पडली तशीच्या तशी राहिलेली कडाबीन आता दुर्मिळ. मग हौशी मंडळी काय करतात? नंतरचे भाग काढून पहिल्या तऱ्हेचे भाग विकत घेऊन बसवितात आणि तिला ‘मूळची’ करतात. मला हे पटत नाही. कोरियातल्या युद्धात गेलेली, तीनदा खोललेली कडाबीन खोटी कशी? तिचे मिश्र भाग हाच तिचा वृत्तांत आहे. आणि यात निव्वळ इतिहासाचाच नव्हे, जिवाचाही प्रश्न आहे. खटका एका बंदुकीचा आणि नळी दुसरीची असली तर बंद खटका आणि काडतूस यांत ठरल्याहून जास्त फट राहू शकते. काडतूस मागून फाटते आणि तापलेला वायू डोळ्यांकडे येतो. ती फट मोजायची खास मापे असतात. मापाशिवाय असे जुळवाजुळवीचे हत्यार उडवू नये.

आपल्याकडे हा प्रश्न बहुधा उडविण्यापर्यंत जात नाही. तो दसऱ्याच्या पूजेपर्यंत जातो. एका वाड्यात खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून कडाबीन घासताना मी पाहिली आहे. घासणाऱ्याचा भाव निर्मळ होता. पण नळीवरची रुप्याची नक्षी पार उतरली होती. आम्ल लोखंडाच्या रंध्रांत शिरून पुढल्या पावसाळ्यात नवा गंज आणते. त्यापेक्षा मऊ फडके, पातळ यांत्रिक तेलाचे दोन थेंब, आणि हातात सुती मोजे, कारण घामातही मीठ असते. शिशाच्या गोळ्या पांढुरक्या झाल्या असतील तर ती भुकटी पोटात जाऊ नये, हात धुवावेत. लाकडाला जवसाचे तेल थोडेच लावावे, आणि ते पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवाव्यात. सणासुदीच्या घरात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी.

दुरुस्तीचा विचार येईल तेव्हा कायदाही आठवावा. १९५९ च्या शस्त्रकायद्याने बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. जुनाट वा पुराणवस्तू म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच हत्याराला. म्हणजे मोडका चाप हौसेने नीट केला, तर कालपर्यंत शोभेची असलेली वस्तू कायद्याच्या डोळ्यांत बंदूक होऊ शकते.

राहता राहिला दस्ता. एम-१ कडाबिनीच्या अक्रोडी दस्त्यावर, नीट उजेडात धरले तर, दाबून उमटविलेली दोन-चार अक्षरे दिसतात: ती कोणत्या कारखान्यात घडली, युद्धानंतर कोणत्या शस्त्रागाराच्या हातांखालून गेली, याची ती खूण. काचकागदाचे चार हात मारले की लाकूड नव्यासारखे दिसते, आणि अक्षरे जातात.