सांध्याची परीक्षा

बीदरचा किल्ला पाहावयास जाणाऱ्याची नजर रंगीन महालातील शिंपल्यांच्या नक्षीवर खिळते. बुरुजांवरील तोफांकडे तो ओझरते पाहतो आणि पुढे जातो. वस्तुतः धातू जोडण्याच्या विद्येचा एक मोठा धडा त्या तोफांत साठविलेला आहे.

विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली. ती साच्यातून निघालेली, म्हणून एकसंध. बीदरच्या किल्ल्याला ३७ बुरूज आहेत आणि त्यांपैकी आठांवर ज्या तोफा आहेत, त्यांची घडण निराळी आहे. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींस भिडवून नळी करावयाची, मग तिच्यावर तापलेली कडी चढवून घणाने सांधावयाची. बैलगाडीच्या चाकावर धाव बसविताना जे घडते तेच येथे घडे : कडे निवताना आकसे आणि पट्ट्यांना आवळून धरी.

परंतु नुसते आवळणे पुरत नाही. लोखंड लोखंडात मुरले पाहिजे. तापलेल्या लोखंडाला हवा लागताच त्यावर भस्माचा पापुद्रा धरतो. तो मध्ये राहिला तर सांधा वरून भक्कम दिसतो, आतून पोकळ असतो. म्हणून लोहार तापल्या लोखंडावर वाळू टाकतो. वाळू त्या भस्माशी मिळून पातळ होते आणि घणाच्या घावासरशी बाहेर फेकली जाते. कच्चा सांधा कोणता, हे तोफ डागल्यावाचून कळत नसे. आणि कळे तेव्हा तोफेजवळ माणसे उभी असत. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० साली रॉक्सबरोच्या वेढ्यात शेजारची तोफ फुटूनच मरण पावला.

तोफांचे युग संपले, तरी दाब सोसणारी नळी आणि तिचा सांधा हा प्रश्न संपला नाही. आज तो शीतगृहांत उभा राहतो. दूध, मासळी आणि फळे टिकविणाऱ्या मोठ्या यंत्रांत पुष्कळदा अमोनिया वायू खेळवितात. तो तांब्याला खातो, म्हणून नळ पोलादाचे लागतात आणि जेथे ओल व गंज यांचे भय अधिक, तेथे स्टेनलेस पोलादाचे. हे पोलाद १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी सिद्ध केले. त्यातील क्रोमियम पृष्ठभागावर अतिसूक्ष्म कवच धरते आणि गंज रोखते. पण वितळत्या उष्णतेत तेच क्रोमियम हवेतील प्राणवायू अधाशीपणे ओढून घेते. येथे वाळू चालत नाही. म्हणून जोडारी सांध्यावर आर्गॉन वायूचे आवरण धरतो, एवढेच नव्हे, तर नळाच्या पोटातही तोच वायू भरतो. यात हयगय झाली तर बाहेरून चकचकीत दिसणारा सांधा आतून जळून खरबरीत होतो आणि पुढे तेथूनच झिजू लागतो. अशा ठिकाणी गळती झाल्यास आत काम करणाऱ्यांचे डोळे आणि श्वास धोक्यात येतात.

साधने बदलली, शत्रू तोच राहिला. म्हणूनच आजही नवे नळ दाबाने वायू भरून तपासल्याखेरीज कामास लावीत नाहीत. बुरुजावरील लोहार आणि शीतगृहातील जोडारी यांच्यामध्ये शतके उभी आहेत. पण दोघांची खरी कसोटी एकच, आणि ती पाहणाऱ्याला न दिसणाऱ्या बाजूची आहे.