दाराबाहेरची आई

“मूल रडले की लगेच उचलू नका, हाताची सवय लागेल,” असा सल्ला आपल्याकडे पुष्कळ घरांतून दिला जातो. नातवाच्या वेळी मीही सूनबाईंना तो दिला होता. पुढे दुकानातून थोडी सवड मिळू लागल्यावर या विषयावर वाचन घडले आणि आपला सल्ला चुकला, हे ध्यानी आले. पाश्चात्त्य देशांत याच समजुतीला एके काळी शास्त्राचा मान मिळाला होता. तो कसा ओसरला, याचा हा अल्प परिचय.

१९२८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांचे बालसंगोपनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलांना कुरवाळू नये, मांडीवर बसवू नये. सकाळी फार तर हस्तांदोलन करावे, असा त्यातील उपदेश होता. इंग्लंडमधील रुग्णालयांची रीतही अशीच कठोर होती. मूल दाखल झाले की आईवडील दाराबाहेर! कोठे आठवड्यातून एकदा तास-दोन तास भेट, तर कोठे तीही नाही. जंतुसंसर्गाचे भय हे एक कारण होते. दुसरे असे सांगत की, आई येऊन गेली म्हणजे मुले रडतात. न आल्यास शांत राहतात. न्यूकॅसल येथे डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकातच मातांना बाळांसोबत राहू दिले होते. परंतु तो अपवाद होता.

त्या ‘शांततेचा’ खरा अर्थ जेम्स रॉबर्टसन या स्कॉटिश कार्यकर्त्याने उलगडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अ‍ॅना फ्रॉइड यांच्या बालगृहात किरकोळ कामे करता करता ते या विषयाकडे वळले. १९४८ पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत डॉ. जॉन बोल्बी यांच्या हाताखाली ते रुग्णालयांतील लहान मुलांचे निरीक्षण करू लागले. त्यांना तीन अवस्था दिसल्या. प्रथम मूल आकांत करते. मग आशा सोडून खिन्न होते. शेवटी ते खेळू लागते, परिचारिकेकडे पाहून हसते. मात्र आई समोर आली तरी तोंड फिरवते. या तिसऱ्या अवस्थेलाच रुग्णालये ‘मूल रुळले’ असे म्हणत होती!

१९५१ साली बोल्बींनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल प्रसिद्ध झाला. बालकाला आईचा वा तिची जागा घेणाऱ्या व्यक्तीचा उबदार व अखंड सहवास लाभला पाहिजे, हे त्याचे सार. तरीही डॉक्टरमंडळींना पटेना. तेव्हा रॉबर्टसन यांनी स्वतः कॅमेरा हाती घेतला आणि शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या अडीच वर्षांच्या एका मुलीचे चित्रीकरण केले. १९५२ साली तो चित्रपट वैद्यकीय सभेत दाखवला गेला, तेव्हा पुष्कळांनी संताप व्यक्त केला. परंतु वारे फिरू लागले होते. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईवडिलांना मुक्त प्रवेशाची आणि लहान मुलांच्या मातांना सोबत राहू देण्याची शिफारस केली. ती अमलात येण्यास मात्र पुढे अनेक वर्षे लागली.

याच सुमारास, १९५८ साली, अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांवरील प्रयोग जगापुढे मांडले. पिलांना दोन कृत्रिम ‘आया’ दिल्या होत्या : एक तारेची, दुसरी टॉवेलच्या मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिले बिलगत कापडाच्या आईलाच! अहिंसेचे संस्कार असलेल्या आपणांस त्या मुक्या जीवांची आबाळ वाचवत नाही. आयुष्यभर कापड मोजलेल्या मला मात्र या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका वाटतो. केवळ कापडाच्या आधारे वाढलेली ती पिले पुढे आपल्या जातीत मिसळू शकली नाहीत. त्यांतील अनेक माद्यांनी स्वतःच्या पिलांनाही झिडकारले. कापडाने ऊब मिळते, प्रतिसाद मिळत नाही.

तो प्रतिसादच निर्णायक आहे, हे मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे घरोघरी जाऊन दाखविले. ज्यांच्या रडण्याला पहिल्या काही महिन्यांत तत्परतेने साद मिळाली, ती बाळे वर्षअखेरीस कमी रडत होती. बोल्बींच्या मताचा आधार घेऊन नोकरी करणाऱ्या मातांना दोषही दिला गेला. पण १९६४ साली ग्लासगो येथील साठ बालकांच्या अभ्यासातून दिसले की, मूल वडिलांशी, आजी-आजोबांशीही असेच नाते जोडते.

या नात्यास मराठीत कधी कधी ‘आसक्ती’ म्हटले जाते. आपल्या कानांना तो शब्द त्याज्य वाटतो. म्हणून ‘अनुबंध’ म्हणणे बरे. ज्याला हा भक्कम आधार लाभतो, तेच मूल पुढे निर्भयपणे दूर जाऊ शकते.

आता घरात बाळ रडले की मी हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवतो. सूनबाईंच्या आधी उठण्याचा प्रयत्न असतो. आपल्या घरांतील आजोबांनीही तो करून पाहावा, ही नम्र विनंती.