सोनतळीचा छोटा वर्ग

1918 साली राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. पत्नी इंदुमती अजून लहान मुलगीच होत्या, आणि तेव्हाच्या राजघराण्यात विधवेच्या वाट्याला पडद्याआडचे आयुष्य येई.

महाराजांनी वेगळे ठरवले. कोल्हापूरजवळच्या सोनतळी कॅम्पवर त्यांनी सुनेच्या शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था केली. सोबतीला काही मुली दिल्या, कारण एकटीने पुस्तकात डोके घालून दुःख हलके होत नाही. वाड्यातून याला विरोध झाला. महाराज बधले नाहीत.

सोबत्यांसह शिकण्याच्या या पद्धतीचे मोल त्यांना अनुभवाने ठाऊक होते. धारवाडला त्यांचे शिक्षक फ्रेझर यांच्या हाताखाली ते स्वतः असेच शिकले होते, धाकटे बंधू बापूसाहेब आणि भावनगरचे भावसिंहजी यांच्यासोबत. 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या राजाने घरातल्या एका मुलीकडेही तितक्याच आस्थेने पाहिले, हे फार महत्त्वाचे वाटते.

महाराज 1922 मध्ये गेले. इंदुमतीदेवींनी अभ्यास सोडला नाही. 1925 मध्ये त्या मॅट्रिक झाल्या.