कागल ते हुबळी : पडद्यामागच्या कसबाची वाट

कोगनोळी हे गाव आपल्यापैकी बहुतेकांना गाडीच्या खिडकीतूनच ठाऊक आहे. कोल्हापूरहून बेळगावकडे निघाले की कागल मागे पडते, दूधगंगेचा पूल येतो आणि थोड्याच वेळात टोलनाका, पोलिसांची चौकी व कन्नड पाट्या दिसू लागतात. सीमाप्रश्न तापला की वर्तमानपत्रांतून या नाक्याचे नाव येते. एरवी ते कोणी घेत नाही. या गावाच्या अंगावरून जाणाऱ्या रस्त्याला मात्र एक वेगळा इतिहास आहे. पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून आज एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. नातू म्हणतो, मला कॅमेऱ्याचे काम शिकायचे आहे. नात म्हणते, मला ध्वनिसंयोजन किंवा संकलन करायचे आहे. आणि आजोबा विचारतात, यात पोट भरते का, आणि हे शिकायचे तरी कोठे? कागल आणि हुबळी यांच्यामधल्या पट्ट्यात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. त्याची जी उत्तरे तेव्हा मिळाली ती पाहण्याजोगी आहेत.

चित्रपटाच्या आधी नाटक होते, आणि नाटकाला राज्याच्या सीमा ठाऊक नव्हत्या. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये गुर्लहोसूर येथे जन्मले. हे गाव आजच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. केशवराव भोसले यांनी ‘ललितकलादर्श’ ही आपली मंडळी स्थापन केली ती १९०८ मध्ये, पुण्यामुंबईत नव्हे तर हुबळीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधविलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये उभे राहिले. पुढे त्याला केशवरावांचेच नाव मिळाले. (ऑगस्ट २०२४ मध्ये लागलेल्या आगीत या वास्तूची मोठी हानी झाली, ही गोष्ट अनेक वाचकांना चटका लावून गेली असेल.) या मंडळ्या म्हणजे फिरत्या शाळाच होत्या. दहाबारा वर्षांचा मुलगा मंडळीत दाखल होई, पाणी भरी, सामान उचली, गाणे ऐकता ऐकता शिके आणि आवाज फुटेपर्यंत स्त्रीभूमिका करी. पुढे काय, हे मात्र कोणी सांगत नसे. आवाज गेला की कित्येकांचे करिअर, आजचा शब्द वापरायचा तर, तेथेच संपे.

नाटकाला पडदे लागत आणि पडद्यांना रंगारी लागत. आपल्या विषयाची खरी सुरुवात येथे होते. कोल्हापुरातील आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतबंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, आणि त्या कामामुळेच लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. बाबूरावांचा जन्म १८९० चा. चित्रकला त्यांनी कोणत्याही कलाशाळेत जाऊन घेतली नाही. ती घरातली होती. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला आणि या दोघा भावांना हलत्या चित्रांनी झपाटले. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून कॅमेरा आपणच तयार करावा असे त्यांनी ठरविले. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी काम सोडले नाही; विष्णुपंत दामले यांच्यासारखे सहकारी हाताशी घेऊन त्यांनी कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले, ते या चित्रपटानंतर.

या कंपनीच्या भांडवलाची हकीकत कागलच्या लोकांनी तरी विसरू नये. ज्या उद्योगाकडे सावकार ढुंकूनही पाहायला तयार नव्हते, त्याला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. मराठी चित्रपटाच्या इतिहासात दिग्दर्शकांच्या नावांचे पोवाडे पुष्कळ झाले. गाण्यावर मिळविलेला पैसा कोणाच्याही हमीवाचून एका पडदे रंगविणाऱ्याच्या हाती ठेवणाऱ्या या बाईंचे नाव अनेकदा एका ओळीत उरकले जाते. आमच्या मते निर्मात्याचे काम म्हणजे काय, याचा तो या भागातला पहिला धडा होता.

कागलचे दुसरे नाव शेख फत्तेलाल यांचे. चित्रपटसृष्टी त्यांना ‘साहेबमामा’ म्हणून ओळखते. ते १८८६ मध्ये कागलला जन्मले आणि आनंदराव-बाबूरावांच्या हाताखाली घडले. दामले पेणकडचे, फत्तेलाल कागलचे. एकाचा ओढा यंत्राकडे, दुसऱ्याचा रेषेकडे. १९३६ मध्ये या दोघांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरविला गेला. त्या चित्रपटातील देहू पाहताना आपल्याला ते गाव खरेच वाटते, कारण उभारणाऱ्याचा हात लहानपणापासून भिंत, लाकूड आणि रंग यांच्यावर फिरलेला होता. आजच्या अभ्यासक्रमांत कलादिग्दर्शन हा स्वतंत्र विषय असतो, आणि असावाही. पण कोल्हापूरच्या कारखान्यात तो सुतारकामापासून वेगळा काढता येत नव्हता.

त्या कारखान्यात शिकणे म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तम उदाहरण व्ही. शांताराम यांचे आहे. शांताराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ चा, कोल्हापूरचा. लहानपणी ते गंधर्व नाटक मंडळीत काही काळ राहून आले. पुढे कुटुंब हुबळीला गेले. तेथे या मुलाने रेल्वेच्या कारखान्यात काम धरले आणि त्याच गावच्या सिनेमागृहात दारावर उभे राहण्याची नोकरीही केली. दारावर उभे राहणाऱ्याला चित्रपट फुकट पाहायला मिळतो, आणि तोच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. कोठे प्रेक्षक गप्प होतो आणि कोठे चुळबुळ करतो हे त्याला शिकावे लागत नाही, ते दिसते. फोटोग्राफीची ओळखही त्यांना हुबळीतच झाली. १९२० मध्ये मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने ते महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. तेथे झाडलोट, सामानाची ने-आण, रसायनशाळा, संकलन, अभिनय असे सर्व काही त्यांच्या वाट्याला आले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी जमीन गमावलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका केली, आणि १९२७ च्या ‘नेताजी पालकर’ने ते दिग्दर्शक झाले. कारखान्यातल्या हमालीपासून दिग्दर्शनापर्यंत सात वर्षे. अशी सात वर्षे आज कोणता तरुण काढील, असा प्रश्न वडीलधारे विचारतात. पण त्या सात वर्षांत प्रत्येक खात्याचे काम हातून गेले होते, ही गोष्ट ते सांगत नाहीत.

या चित्राला काळी बाजूही होती. ओळख नसेल तर दरवाजा उघडत नसे. शांतारामांना पेंढारकर होते, इतरांना कोणी नव्हते. शिकाऊ मुलाच्या हाती करार नसे, आणि मालकाचे मन फिरले की नोकरी गेली. स्त्रियांची गत तर अधिक कठीण. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती पुरुषाने केली. बाबूरावांनी ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना उभे केले आणि त्यांना कमलादेवी, सुशीलादेवी अशी पडद्यावरची नावे दिली. नाव बदलले तरी समाजाची नजर बदलली नाही. आपल्याच माणसांनी दूर लोटल्यामुळे त्यांना कंपनीच्या आवारात आसरा घ्यावा लागला. त्या काळातल्या कारखान्याला ‘कुटुंब’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. कुटुंबात ओलावा असतो तसा हिशेबाचा संकोचही असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन केली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि त्याबरोबर ध्वनिमुद्रक नावाचा नवा कारागीर जन्माला आला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. कोल्हापूरचे नुकसान झाले हे खरे. तरी तेथे कोल्हापूर सिनेटोन आणि पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ यांनी काम चालू ठेवले. पुण्याच्या प्रभातमध्ये खाती वेगळी झाली आणि शिकण्याची वाट थोडी आखीव झाली. कोल्हापूरचे अनंत माने प्रभातमध्ये संकलनाच्या टेबलावर घडले. त्यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये लागला आणि पुण्यात १३१ आठवडे चालला. बेंगळुरात जन्मलेले गुरुदत्त १९४४ मध्ये प्रभातमध्ये आले ते तीन वर्षांच्या करारावर. करार हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ओळखीच्या जागी कागद आला होता.

प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. १९६० मध्ये त्याच जागेवर केंद्र सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली, ती आजची एफटीआयआय. प्रभातच्याच जागेत विद्यार्थी अभ्यास करू लागले. प्रवेशपरीक्षा आली, अभ्यासक्रम आला, पदविका आली. मावसभाऊ असण्याची गरज उरली नाही. पण भाषा इंग्रजी झाली, आणि खेड्यातल्या मुलाला वाटणारी भीती निराळ्या दाराने परत आली. पुण्याची संस्था म्हणजे एकमेव दार, ही समजूत मात्र आता सोडावी. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे त्या दाराने आले नाहीत. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘फँड्री’ व ‘सैराट’ त्यानंतरचे.

आता कोगनोळीकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. पूर्वी चिक्कोडी आणि आज निपाणी तालुक्यात असलेले कोगनोळी त्याबरोबर गेले. सीमावादाची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. तो खटला महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला आणि वाचक तो जाणतात. आमचा मुद्दा लहान आहे. केशवरावांच्या, शांतारामांच्या काळी हुबळी आणि कोल्हापूर ही एकाच कसबाची दोन टोके होती. राज्ये भाषेवर उभी राहिल्यावर चित्रपटाचे अनुदानही भाषेवर उभे राहिले. महाराष्ट्राचे मराठीला, कर्नाटकाचे कन्नडला. कोगनोळीच्या मराठी तरुणाचा रहिवासी दाखला एका राज्याचा आणि त्याच्या कथेची भाषा दुसऱ्या राज्याची. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी सवलती जाहीर केल्या, आणि त्यांचा उपयोग होतोही. पण शिक्षणाची आखणी करताना कोणता दाखला कोठे चालतो हे आधी तपासावे लागते, ही कटकट सातारच्या मुलाला नसते.

अशा अवघड जागीही चित्रपट घडतो, याचा पुरावा कोगनोळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. १९८२ मध्ये ‘युगांतर’ या गटाने निपाणीच्या तंबाखू कारखान्यांत राबणाऱ्या बायांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा हा गट बेंगळुरूचा, चित्रपट मराठी. गट आला, कॅमेरा लावला आणि निघून गेला असे झाले नाही. बायांशी बसून, त्यांचे म्हणणे ऐकून, घडलेले प्रसंग त्यांच्याकडूनच पुन्हा करवून हे चित्रण झाले. तंबाखूच्या धुळीत खोकणारी बाई काय दाखवावे याबद्दल मत देते, ही गोष्ट प्रभातच्या काळात सुचली नसती. निपाणीत ज्यांची मुळे आहेत अशा कुटुंबांतही हे नाव फारसे ठाऊक नसते, याचे आम्हांला आश्चर्य वाटते. कोल्हापूरच्या स्टुडिओंचा अभिमान बाळगावा. पण आपल्या तालुक्याचा चेहरा ज्यात उतरला तो चित्रपट पाहावाही.

आजच्या तरुणापुढे काय आहे? कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्‌स यांसारख्या संस्थांनी हात घडविण्याचे काम चालू ठेवले आहे. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, तेथे मालिकांची आणि चित्रपटांची चित्रीकरणे होतात, आणि दूधगंगेच्या पलीकडून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतके ते अंतर आहे. दिग्दर्शक व्हायचे असे सारेच म्हणतात. कामे मात्र अधिक मिळतात ती ध्वनी, संकलन, प्रकाशयोजना, वेशभूषा, कलाविभाग यांत. आणि ही कामे एका चित्रीकरणापासून दुसऱ्या चित्रीकरणापर्यंत चालतात, महिन्याच्या पगारावर नव्हे. म्हणून दोन कसबे हाताशी असावीत. बाबूराव पेंटर चित्रपटाचे काम थांबले की रंग आणि शिल्प यांच्याकडे वळत.

सीमेवरच्या मुलाजवळ आणखी एक गोष्ट असते, तिची त्याला किंमत वाटत नाही. त्याला घरी मराठी आणि बाजारात कन्नड येते. १९६० च्या दशकापासून इतर भाषांतील चित्रपट कन्नडमध्ये ध्वनिरूपांतरित करण्यावर चित्रपट व्यवसायाने अलिखित बंदी घातली होती. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने ती व्यवसायाच्या नियमांविरुद्ध ठरविली, आणि त्यानंतर कन्नड रूपांतरांचे काम सुरू झाले. संवाद ओठांच्या हालचालीत बसवून लिहिणारा, दोन्ही बोलींचा बाज ओळखणारा लेखक आणि दोन्ही भाषांत स्पष्ट उच्चार करणारा कलाकार या कामाला लागतो. पुण्यात हे दोन्ही एका माणसात शोधावे लागेल. कोगनोळीत, निपाणीत, बेळगावात तो किराणा दुकानाच्या फळीवर बसलेला सापडतो.