खडावांचे सुख

चिक्कडपल्लीच्या व्यंकटेश्वर मंदिरात शिरताना भाविक आपले जोडे दाराबाहेर उतरवितो आणि आत गेल्यावर पुजाऱ्याने पुढे केलेली शठारी मस्तकावर घेतो. शठारीच्या माथ्यावर देवाच्या पादुका असतात. स्वतःची पादत्राणे बाहेर आणि देवाची डोक्यावर, हा विरोध रोजच्या सवयीमुळे कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेर पडलेले जोडे पाहावेत तर ते रबराचे, चामड्याचे, फोमचे. लाकडी तळाचा जोड त्यांत शोधूनही क्वचितच सापडेल. ज्या पादत्राणाला देवघरात इतका मान, ते माणसाच्या पायांतून का नाहीसे झाले? ते सुखकर नव्हते म्हणून, असे कोणीही सहज सांगेल. इतिहास पाहता हे उत्तर अर्धेच खरे ठरते.

हैदराबादेत या वस्तूला तीन भाषांत तीन नावे आहेत. उर्दूत खडाऊ, तेलुगूत पावुकोळ्ळु आणि मराठीत खडावा. घडण मात्र एकच. पावलाच्या आकाराची फळी, तिच्याखाली पुढे व मागे एकेक उंचवटा, आणि अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्यामध्ये धरावयाची खुंटी. पट्टा नाही, बंद नाही. चालताना माणसाची टाच आधी उचलली जाते आणि पाऊल बोटांच्या मुळाशी वाकते. चामडे त्याच्याबरोबर वाकते, लाकूड वाकत नाही. म्हणून खडावा घालणाऱ्याला दर पावलागणिक बोटांनी खुंटी आवळून धरावी लागते. ती सैल सुटली की खडाव मागे राहते, आणि जिन्यावर तसे झाले तर माणूस खाली येतो. सवय असलेला मनुष्य त्यामुळे टाच फार न उचलता, आखूड पावले टाकीत चालतो. खडावांच्या चालीला जे गांभीर्य आल्यासारखे वाटते, त्याचा उगम बराचसा या अडचणीत आहे.

तथापि खडावा लांब चालण्यासाठी घडविलेल्याच नव्हत्या. स्नान करून ओल्या पायांनी विहिरीपासून देवघरापर्यंत, देवघरापासून पाटापर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास. त्या अंतरात लाकूड ओलाव्याने बिघडत नाही, पाय भुईच्या धुळीपासून व चिखलापासून वर राहतो, आणि मुख्य म्हणजे चामड्याचा स्पर्श घडत नाही. सोवळ्यातल्या माणसाला खडाव चाले, वहाण चालत नसे. तेव्हा तिचे सुख तळव्यापेक्षा मनाला अधिक होते.

या प्रश्नाचा फार जुना विचार बौद्धांच्या विनयपिटकात आढळतो. महावग्गाचा एक संपूर्ण विभाग चामड्याच्या वस्तूंना वाहिलेला आहे. अतिशय सुकुमार वाढलेला सोण कोळिविस भिक्षू झाला आणि अनवाणी येरझारा घालता घालता त्याचे तळवे रक्ताळले. बुद्धांनी त्याला एका तळाच्या चामडी वहाणा वापरण्याची मुभा दिली. त्याने ती एकट्यासाठी स्वीकारली नाही, सर्व संघाला मिळाली तेव्हाच घेतली. पुढे काही भिक्षू पहाटे उठून लाकडी पादुका घालून खडखडाट करीत, मोठमोठ्याने गप्पा मारीत हिंडू लागले. त्यांत किडे चिरडले जात आणि इतरांचे ध्यान मोडे. बुद्धांनी लाकडी पादुका निषिद्ध ठरविल्या. सवलत राहिली ती शौचकूपासारख्या ठिकाणी जागच्या जागी बसविलेल्या पादुकांपुरती. घालणाऱ्याच्या पायाला त्या टोचतात की नाही, याची चौकशी तेथे नाही. शेजाऱ्याला त्रास होतो, एवढे कारण पुरेसे झाले.

त्याच विभागात दक्षिणेच्या वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी दुसरी कथा आहे. अवंती-दक्षिणापथाकडून आलेल्या सोण कुटिकण्णाने आपल्या गुरूचे, महाकच्चायनाचे, मागणे बुद्धांपुढे मांडले. आमच्याकडील जमीन काळी आहे, कठीण आहे, गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे. एका तळाची वहाण तेथे पुरत नाही. बुद्धांनी सीमेवरील प्रदेशांसाठी अनेक पदरी तळाच्या वहाणांना संमती दिली. मराठवाड्याची काळी जमीन ज्याने वैशाखात अनवाणी तुडविली आहे, त्याला हे मागणे समजावून सांगावे लागणार नाही. पावसात हीच जमीन पायाला अशी चिकटते की खडाव खुंटीतून सुटून चिखलातच राहावी.

या जमिनीवर राबणाऱ्याच्या पायांत म्हणूनच जाड चामड्याची वहाण आली. ती करणारा चांभार बारा बलुतेदारांपैकी एक. मळ्याला पाणी पाजणारी मोटही चामड्याचीच. गावाचे शेत आणि गावाचे पाय ज्याच्या आरीवर अवलंबून, त्याचा स्पर्श मात्र वर्ज्य, आणि सुताराने घडविलेली खडाव शुद्ध! दख्खनच्या अनेक गावांत वरच्या आळीतून जाताना दलितांना आपल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. पादत्राण सुखकर आहे की नाही, हे विचारण्याआधी ते घालण्याची मुभा कोणाला होती, हे विचारावे लागते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि तेथील कितीतरी कुटुंबे शिक्षणासाठी व नोकरीसाठी या शहरात आली. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही त्या मराठी वस्तीची जुनी खूण. शहरातल्या फरसबंदीवर आणि कचेरीच्या जिन्यांवर खडावांना स्थान उरले नाही. त्या देवघरापाशी थांबल्या.

संतांच्या पादुका मात्र प्रवास करीत राहिल्या. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर ज्ञानेश्वरांच्या पादुका पालखीतून जातात आणि वारकरी शेजारून चालतात, कोणी चपला घालून, कोणी अनवाणी.

लाकडी तळ ही काही केवळ भारताची मिरास नाही. हॉलंडच्या ओल्या शेतांत आणि इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांत तो वापरात होता. जपानी गेता तर दोन उभ्या पट्ट्यांवर माणसाला चिखलापासून उंच धरते. दुसऱ्या महायुद्धात चामडे सैन्याकडे वळले तेव्हा फ्रान्समधील स्त्रियांच्या बुटांना लाकडी तळ लागले. ते वाकावेत म्हणून त्यांना आडव्या चिरा पाडण्याच्या युक्त्या निघाल्या.

नंतरची घटना मोठी गमतीची आहे. शिकागोचे विल्यम शोल यांच्या नावाने चालणाऱ्या पायांच्या औषधांच्या कंपनीने बीच लाकडाचा, वरून एकच चामडी पट्टा व बक्कल असलेला सँडल विकावयास काढला आणि १९६० नंतरच्या वर्षांत तो युरोप-अमेरिकेत घरोघर गेला. त्याच्या तळाला बोटांखाली एक उंचवटा असतो. पट्टा सैल असल्याने चालताना बोटांनी तो उंचवटा धरावा लागतो आणि त्या आवळण्याने पायाच्या स्नायूंना व्यायाम घडतो, असे सांगून त्याला व्यायामाचा सँडल म्हटले गेले. म्हणजे खडावांचा जो दोष, तोच येथे गुण म्हणून विकला गेला. पावलाच्या खळग्याप्रमाणे कोरलेला तळ आणि वरचा पट्टा यांमुळे तो खडावांपेक्षा निश्चितच सुसह्य आहे. उन्हाळ्यात त्याखाली पाय तापत नाही. परंतु पहिले काही दिवस बोटे आणि पोटऱ्या दुखतात, जिन्यावर जपावे लागते, आणि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाची तक्रार अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिक्षूंच्या तक्रारीहून वेगळी नसते. घरात, अंगणात, थोड्या वेळापुरता तो चांगला. सवय नसताना दिवसभर हिंडण्यास मात्र तो त्रासाचा होतो.

एका बाबतीत न वाकणाऱ्या तळाने वैद्यकात खरीच कामगिरी बजावली. कुष्ठरोगाने ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेली, त्यांच्या पावलांना बोटांच्या मुळाशी वारंवार दाब पडून व्रण होतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वातंत्र्योत्तर काळात या व्रणांचा अभ्यास केला. होडीच्या बुडासारखा वळलेला ताठ तळ आणि आत मऊ रबराचा थर दिला की पाऊल वाकण्याऐवजी पुढे झुलते व तो दाब कमी होतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही डॉक्टर आज अशी पादत्राणे देतात. अंगठ्यात अडकविण्याची चप्पल, खुंटीची खडाव आणि बाजारात मिळणारी काट्यांची ॲक्युप्रेशर चप्पल यांपासून मात्र अशा रुग्णांना दूर राहावयास सांगतात. कारण जखम झाली तरी ती त्यांना कळत नाही. त्यांनी पादत्राण घालण्यापूर्वी त्यात हात फिरवून पाहावा आणि रात्री तळवे आरशात तपासावेत, असा दंडक आहे.