वस्तीला राहिलेले विद्यापीठ

गरिबांविषयी विद्यापीठाला कळवळा वाटणे ही काही नवी गोष्ट नव्हे. त्या कळवळ्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र सहजी सुटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या कॉलेजांनी त्याचे एक उत्तर शोधले. त्या उत्तराचे यश आणि मर्यादा हे दोन्ही अध्यापकाने समजून घ्यावे असे आहे.

ऑक्टोबर १८८३ मध्ये लंडनमधल्या दारिद्र्याचे भीषण चित्र मांडणारी एक पुस्तिका निघाली आणि सुशिक्षित इंग्लंड हादरले. पुढच्याच महिन्यात सॅम्युएल बार्नेट यांनी ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात एक निबंध वाचला. बार्नेट हे ईस्ट एंडमधील व्हाइटचॅपल येथे १८७३ पासून धर्मोपदेशक होते. कॉलेजांनी गरीब भागात मिशन काढावे, त्यासाठी वर्गणी पाठवावी, ही तेव्हाची रूढ पद्धत त्यांना अपुरी वाटत होती. पदवीधरांनी स्वतः तिथे जाऊन राहावे, शेजारी व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. १८८४ च्या नाताळात टॉयनबी हॉल उघडला. बेलियल कॉलेजात शिकवणारे आणि १८८३ मध्ये अवघ्या तिसाव्या वर्षी निधन पावलेले अर्थशास्त्रज्ञ अर्नोल्ड टॉयनबी यांचे नाव त्याला देण्यात आले. त्याच वर्षी केबल कॉलेजाच्या पुढाकाराने बेथनल ग्रीनमध्ये अधिक धर्मनिष्ठ असे ऑक्सफर्ड हाउस उभे राहिले. १८८७ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महिला कॉलेजांनी सदकमध्ये स्वतःचे केंद्र काढले. टॉयनबी हॉलमधला निवास पुरुषांपुरताच होता.

या केंद्रांना इंग्रजीत 'सेटलमेंट' म्हणत. मराठीत यासाठी 'वस्ती' हा शब्द फार अर्थपूर्ण ठरतो. आपण पाहुण्याला वस्तीला ठेवून घेतो. रात्री गावात थांबून पहाटे परतणारी एस. टी. ही वस्तीची गाडी असते. आणि शहरातल्या गरिबांच्या घरांचा समूह हीदेखील वस्तीच. टॉयनबी हॉलची सारी गुंतागुंत या तीन अर्थांत सामावली आहे. पदवीधर वस्तीत वस्तीला आले. पण सकाळी परतणारी गाडी त्यांच्यासाठी नेहमीच उभी होती.

तिथे व्याख्याने होत, सायंवर्ग चालत, वादसभा भरत. बार्नेट दांपत्याने सुरू केलेल्या चित्रप्रदर्शनांतूनच पुढे १९०१ मध्ये व्हाइटचॅपलचे कलादालन उभे राहिले. मात्र इमारतीची घडण ऑक्सफर्डच्या कॉलेजासारखीच होती. गरिबाला संस्कृती द्यायची ती आपली, हे गृहीतक विटांतूनही दिसत होते. गरिबाजवळ देण्यासारखे काही असेल, ही शक्यता त्या आराखड्यात फारशी नव्हती.

तरीही देणारे बदलले. सरसकट मदतीमुळे गरीब आळशी होतात, असे सुरुवातीला मानणारे बार्नेट पुढे वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे पुरस्कर्ते झाले. एवढी संपत्ती असताना एवढे दारिद्र्य का, याचा शोध घ्या, असे बेलियलचे प्रमुख एडवर्ड केअर्ड आपल्या विद्यार्थ्यांना सांगत. विल्यम बेव्हरिज तो प्रश्न घेऊन १९०३ मध्ये टॉयनबी हॉलमध्ये आले. बेरोजगारी हा माणसाच्या स्वभावाचा दोष नसून उद्योगव्यवस्थेचा प्रश्न आहे, हे त्यांनी १९०९ च्या ग्रंथात मांडले आणि १९४२ च्या अहवालातून कल्याणकारी राज्याचा आराखडा दिला. तो ज्यांच्या सरकारने बव्हंशी अमलात आणला, ते क्लेमंट ॲटलीही काही काळ टॉयनबी हॉलचे सचिव होते. दयेकडून हक्काकडे झालेला हा प्रवास हे या प्रयोगाचे मोठे फलित म्हणावे लागेल.

पण याच फलिताकडे ईस्ट एंडमध्ये वाढलेले मजूर पुढारी जॉर्ज लॅन्सबरी यांनी कडवटपणे पाहिले. ध्येयवादाने आलेली ही मंडळी पुढे मंत्री आणि उच्चाधिकारी झाली. ईस्ट एंड होता तिथेच राहिला, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. ही टीका खोडून काढणे सोपे नाही. वस्तीने विद्यापीठाला शिकवले, हे खरे. पण त्या शिकवणीचे शुल्क वस्तीला कधी मिळाले?

हा धागा आपल्यापर्यंतही पोचला आहे. टॉयनबी हॉल पाहून गेलेल्या जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोत 'हल हाउस' काढले. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२० च्या दशकात मुंबईत 'नागपाडा नेबरहूड हाउस' उभारले. तिथेच १९३६ मध्ये सुरू झालेली समाजकार्याची शाळा म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत आपले विद्यार्थी वर्षाला १२० तास काम करतात, सात दिवसांच्या शिबिराला जातात. तासांची नोंद चोख होते. त्या सात दिवसांनी आपल्या वर्गातला एखादा प्रश्न बदलला का, याची नोंद कुठेच होत नाही. बेव्हरिजपुरता तो बदलला होता, म्हणून त्याचे मोल. आणि ज्यांच्या दारात आपण शिकायला जातो, त्यांच्या मुलांना आपल्या कॉलेजचे दार किती उघडे आहे, हा लॅन्सबरींचा हिशेब तर आपल्यालाच चुकता करायचा आहे.